सुरेखा गैरहजर

यादी सोमवारी अकरा वाजता लागली आणि सव्वाअकराला नूतनताईंच्या तोंडचं पाणी पळालं. तालुक्याच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर अंगणवाडी सेविकांच्या भरतीचा कागद चिकटवलेला होता. उमरीपाड्याच्या एका जागेसाठी दोन अर्ज आले होते. गुणांनी पहिला अर्ज सुरमी पावराचा, आणि नेमकं त्याच्याच पुढे लिहिलं होतं, अपात्र. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. शब्द तिथंच होता.

नूतनताई म्हणजे सुपरवायझर. सातपुड्याच्या पायथ्याच्या सव्वीस अंगणवाड्या त्यांच्याकडे. बाई कामाला वाघ, आणि एकदा बोलायला लागल्या की समोरच्यानं घड्याळाकडे बघायची सोय नाही. त्यांचं एकच टुमणं असायचं. पाड्यावरची पोरं घरून पावरी बोलत येतात आणि सेविका असते सपाटीवरची. तिला पोरांचं कळत नाही, पोरांना तिचं कळत नाही, मग पोरं भिंतीला टेकून बसतात आणि आपण लिहितो की पोरं मागास. तेव्हा पाड्यावरच्याच मुली सेविका व्हायला पाहिजेत. नुसतं बोलून थांबणाऱ्यातल्याही त्या नव्हत्या. तीन वर्षं दर रविवारी त्यांच्या शिरपूरच्या घराच्या ओट्यावर पाच पावरा आदिवासी मुलींचा वर्ग भरायचा. अर्ज कसा भरायचा, वजनाचा तक्ता कसा वाचायचा, चार वर्षांच्या पोराला गोष्ट कशी सांगायची, सगळं त्या शिकवायच्या. वर जेवूनही घालायच्या.

त्या पाचांत सुरमी पहिली. वय सत्तावीस, बारावी पास, स्वतःला एक पोरगी, आणि तोंडात गोष्टींचा साठा. शिवाय ती ताईंच्या अभिमानाची खास जागा होती, कारण तेवीस वर्षांपूर्वी उमरीपाड्याची अंगणवाडी सुरू झाली तेव्हा पहिली सेविका खुद्द नूतनताई होत्या आणि चार वर्षांची सुरमी त्यांच्यासमोर बसलेली होती. 'माझ्या हाताखालची पोर आता माझ्याच खुर्चीवर बसणार' हे वाक्य त्यांनी इतक्या बैठकांत ऐकवलं होतं, की मागच्या ओळीतल्या बाया ते त्यांच्याआधीच पुटपुटायच्या.

ताई तरातरा आत गेल्या. शालिग्राम म्हणजे तिथला जुना लिपिक, माणूस सरळ. त्यानं न विचारताच फाइल पुढे ठेवली.

"बारावीच्या मार्कशीटवर नाव सुरेखा. जातीच्या दाखल्यावर सुरमी," तो म्हणाला. "हरकत आलीय."

"पाड्यावर अर्ध्या लोकांना दोन नावं आहेत, भाऊ. आपण प्रतिज्ञापत्र जोडलंय की."

"जोडलंय. पण ते तिचंच. ती कशी नाही म्हणेल? हरकत अशी, की सुरेखा ही वेगळीच मुलगी आहे आणि सुरमीनं तिच्या मार्कशीटवर अर्ज ठोकलाय." त्यानं आवाज खाली आणला. "फसवणूक म्हणून पोलिसात द्या, असंही लिहिलंय खाली."

सुरमी आणि फसवणूक! ओट्यावर जेवल्यावर स्वतःचं ताट तर सोडाच, सगळ्यांची ताटं घासून जाणारी ती पोर. हरकत कुणाची हे सांगायला नकोच होतं. दुसरा अर्ज रस्त्यावरच्या गावातल्या एका खात्यापित्या घरच्या सुनेचा होता. कागदावर तिनं पाड्यावरची वस्ती दाखवली होती, आणि पावरीचा एक शब्द तिला येत नव्हता. सुरमी गळाली की जागा तिची.

"उपाय सांगा," ताई खुर्चीत बसत म्हणाल्या.

"शाळेत नाव चढतं ते अंगणवाडीच्या यादीवरून. ती मूळ नोंद काढा. तिथं सुरमी असेल तर शाळेनं बदललं, हे सरळ सिद्ध होतं. शुक्रवारी पाचच्या आत आणा."

"त्या मास्तराला काय सोनं मिळणार होतं नाव बदलून," ताई तणतणल्या. "आईबापानं ठेवलेलं नाव. यांच्या जिभेला जड म्हणून पुसायचं?"

शालिग्रामनं फाइलमध्ये डोकं घातलं. त्या वेळी उमरीपाड्याच्या शाळेत एकच मास्तर होता. त्याचं नाव प्रेमराज, आणि तो नूतनताईंचा नवरा होता.

संध्याकाळी प्रेमराज गुरुजी शाळेतून आले, चपला काढल्या, आणि पाणी मिळायच्या आधी बोलणी मिळाली. ताई बाहेर कितीही कार्यालयी मराठी बोलोत, घरात रागावल्या की थेट सोनगीरच्या माहेरची बोली.

"तुम्हीनच बदलं व्हई ते नाव. शाळामा दुसरं कोन व्हतं?"

"मी कसाले बदलसू?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "यादी तूच दिन्ही व्हती. मी बठ्ठी तशीच उतारी लिन्ही."

"खोटं."

"खोटं ते खोटं. पेटीमा रजिस्टर व्हई. जाईसन देख."

इतकं बोलून गुरुजींनी स्वतःच माठातलं पाणी घेतलं. ताईंचा राग काही उतरला नाही. चुकी करायची आणि वर असं थंड बसायचं, ही या माणसाची जन्माची खोड. दोन दिवस त्या त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

बुधवारी सकाळी त्या उमरीपाड्यावर पोहोचल्या. सागाच्या झाडांखाली अंगणवाडीची एक खोली, तिच्यावर निळा रंग. गेल्या सेविकेला जाऊन पाच महिने झाले होते. मदतनीस बाई पोरांना जेवायला घालून घरी पाठवायची, तेवढंच. सुरमी आणि तिची आई रायलीबाई दाराशी उभ्या होत्या. सुरमीच्या तोंडावर काळजी दिसत नव्हती, आणि ताईंना त्याचंच वाईट वाटलं. ताई आहेत म्हणजे होईल, असा तिचा हिशेब असणार.

"पोलिसनं खरं का ताई?" तिनं फक्त एवढंच विचारलं. पावरा माणसं सपाटीच्या माणसाशी बहुधा अहिराणीतच बोलतात, सुरमीचंही तसंच.

"काही होत नाही. आज त्या मास्तराची चोरी पकडतो आपण," ताई म्हणाल्या.

पत्र्याची पेटी उघडली तशी उंदराच्या लेंड्यांचा वास आला. वर अलीकडची रजिस्टरं, मग कीड लागलेली तक्त्यांची गुंडाळी, आणि तळाशी लाल कापडाच्या पाठीचं पहिलं हजेरीपत्रक. ताईंनी ते झटकलं, ओट्यावर आणलं, मांडीवर घेऊन पहिलं पान उघडलं.

अक्षर सुंदर होतं. टपोरं, उजवीकडे किंचित झुकलेलं, 'र'ची शेपटी लांब. तसा 'र' या तालुक्यात एकच बाई काढायची.

सुरेखा. सुनीता. सविता. दिलीप. राजेश. मंगला. तेवीस नावं होती. सुरमी कुठं नव्हती.

ताईंनी पान उलटलं, पुन्हा मागं आणलं. आता ती नावं त्यांना ओळखू यायला लागली होती. सुरेखा त्यांची धाकटी बहीण. सुनीता त्यांची आतेबहीण. दिलीप आणि राजेश मामाची पोरं. सविता म्हणजे सोनगीरची सख्खी मैत्रीण, दहावीला असताना जिच्याबरोबर एकाच बाकावर बसायचं. अख्खं माहेर त्या पानावर उतरलेलं होतं, आणि प्रत्येकापुढे आडनाव पावरा.

मग ती दुपार आठवली. वय बावीस, नवं लग्न, नवी नोकरी, पाड्यावर ओळखीचं एक माणूस नाही. घरोघरी फिरून यादी करायची होती. बाप लोक दारात उभे राहून पोरांची नावं सांगत होते, सुरमी, गमली, ठुमली, काही तर नीट ऐकूही आली नव्हती. नूतनला वाटलं, या नावांना पुढं शाळेत हसतील. पोरांचं भलं व्हावं. तेव्हा रात्री घरी येऊन नव्हे, तिथंच, आंब्याच्या बुंध्याला टेकून, बापाच्या नावापुढे तिनं स्वतःला आवडणारी नावं भरली होती. किती प्रेमानं भरली होती. तिच्या लेखी ते एका दुपारचं काम होतं, म्हणून तर ते पार विसरून गेलं होतं.

"तुम्हीनच लिखेल शे ना?" सुरमीनं हळू विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"माय सांगे. बाईनी नाव ठेवं म्हने."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस मला?"

सुरमी ओशाळली. "तुम्हीन दर खेपले त्या मास्तरले शिव्या देत. मंग कसं सांगू?"

ताईंना हसावं की जमिनीत जावं ते कळेना. पण खरा धक्का अजून पुढेच होता. त्यांची नजर आता नावांवरून हजेरीच्या चौकोनांवर गेली. जून महिना. सुरेखा, गै. गै. गै. गै. सुनीता, गै. राजेश, गै. सबंध महिना, तेवीसच्या तेवीस गैरहजर. जुलैही तसाच. आणि कडेला शेऱ्याच्या रकान्यात त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'रोज वीस-बावीस मुले येऊन बसतात. ती यादीतील नाहीत. हाक मारली तर कोणीही ओ देत नाही. बुद्धीने कमी वाटतात.'

ताईंनी तो शेरा दोनदा वाचला. बैठकांत त्या ज्या सेविकांची खिल्ली उडवायच्या, ज्यांची नक्कल करून बायांना हसवायच्या, त्यातली पहिली सेविका इथं बसलेली होती.

"सुरेखा म्हणून हाक मारली की तू ओ का देत नव्हतीस गं?" ताईंनी विचारलं.

"माले वाटे, सुरेखा नावनी कोनी पोर शे," सुरमी म्हणाली. "तुम्हीन रोज तिले हाक मारा, नि ती कधीच येत नही. माले तिनी कीव ये. तिले खावाले सुकडी भेटत नही ना. मंग मी तिनाकरता मूठभर सुकडी ठेवू. त्या ओट्याना कडाले, दगड खाले."

ओट्याच्या त्या कडेकडे ताईंनी पाहिलं. दगड बिगड काही नव्हतं आता, सिमेंट घातलेलं होतं.

"मग?"

"दुसरा दिनले सुकडी नही ऱ्हाये. मुंग्या खाई जायेत व्हतीन. माले वाटे, ती ईसन खाई गयी." सुरमी जराशी हसली. "मंग एक दिन तुम्हीन मना छातीवर बोट ठेवं नि सांगं, तू सुरेखा. माले रडू उनं. आते ती पोर कधीच येनार नही, असं वाटनं."

ते रडणं ताईंना आठवत होतं. ऑगस्टात कंटाळून त्यांनी पोरांना ओळीत बसवून बापाच्या नावावरून ओळख पटवत एकेकाच्या छातीवर बोट ठेवून नावं वाटली होती, आणि एक पोर हमसून हमसून रडायला लागली होती. कशाला रडते ते विचारायला शब्द नव्हते. रजिस्टरात त्या दिवशीचा शेराही होता. 'सुरेखा रडकी आहे.'

नूतनताई गप्प बसलेल्या पाड्यानं कधी पाहिल्या नव्हत्या, त्यामुळे रायलीबाई घाबरून पाणी घेऊन आली. पाणी पिऊन ताईंनी पिशवीतून कोरा कागद काढला. शाळेनं बदललं असं आता म्हणता येत नव्हतं. पण नाव बदलणारी बाई जिवंत होती, आणि तिला सही करता येत होती. 'मी, नूतन प्रेमराज, तत्कालीन सेविका, लिहून देते की रजिस्टरमधील सुरेखा हीच सुरमी असून तिचे नाव तिच्या वडिलांना न विचारता मी बदलले.'

सुरमीनं खांद्यावरून वाचलं. "ताई, एकलीनं नका लिखू. बठ्ठास्नं लिखा."

"बाकीच्यांचं काय?"

मग बाकीच्यांचं बाहेर आलं. दिलीप म्हणजे जामा, त्याची जात पडताळणी नावापायी चार वर्षं अडकलेली. राजेश पोलीस भरतीत धावण्यात पहिला आला आणि कागदांवरून घरी आला. मंगलाला वनहक्काच्या सातबाऱ्यावर बापाची मुलगी म्हणून नाव लावता येईना. सुरमी एकेक सांगत गेली तशा ताई बधिर होत गेल्या. तेवीस वर्षं ही माणसं त्यांच्या माहेरची नावं घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्या लिहीत राहिल्या. सुरमी आणि रायलीबाई आठवून खरं नाव सांगत, ताई ते दोनदा विचारून घेत आणि मग लिहीत. बावीस नावं झाली.

राहिली सविता. वडिलांचं नाव पुना.

"पाड्यात पुना किती?" ताईंनी विचारलं.

तीन होते. दोघांची पोरं लिहून झाली होती. तिसरा पुना दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जायचा. रायलीबाईनं पावरीत बरंच काही सांगितलं, हातानं उंची दाखवली, मग कपाळाला हात लावून बसली.

"पुनाले पोर व्हती, माय सांगस," सुरमी म्हणाली. "बारीक. दारजोडे बसे. पन नाव काय व्हतं ते तिले याद येत नही."

दाराशी बसणारी. ताईंनी झटकन पानं उलटली. बाकी सगळ्यांपुढे ऑगस्टपासून हजेरी होती. सवितापुढे जूनपासून दिवाळीपर्यंत गै, गै, गै. समोरच्या पानावर वजनांचे रकाने होते. बावीस पोरांची वजनं भरलेली, सविताचा रकाना कोरा. ऑगस्टात त्या ओळीत बसवलेल्यांना नावं वाटत सुटल्या होत्या, आणि एक हडकुळी पोर दाराशी बसलेली असायची. ती कुणाच्या तरी संगं आलेली असणार म्हणून त्यांनी तिला नाव दिलं नाही. सुकडी दिली होती, एवढं त्यांना नक्की आठवत होतं. काट्यावर उभी मात्र केली नव्हती. यादीत नसलेल्या पोराचं वजन करत नाहीत.

"आता कुठे आहे ती?"

सुरमीनं आईला विचारलं. होळीला पाड्यावरचं माणूस जिथं असेल तिथून परत येतं. रायलीबाई हळूहळू बोलली आणि सुरमीनं तिच्याइतक्याच हळू सांगितलं. "त्या सालनी होळीले पुना उना. पोर संगे नव्हती. मंग तो बी परत उना नही."

ताईंनी रजिस्टर मिटलं. वजन केलं असतं तर पोर वाचली असती का, हे कुणाला सांगता येणार नव्हतं, आणि त्यांनी स्वतःलाही ते सांगायचा प्रयत्न केला नाही. त्या ढसाढसा रडल्या. सुरमीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तिच्याच अंगणवाडीत रडणाऱ्या पोरीच्या ठेवावा तसा.

शुक्रवारी दुपारी शालिग्रामनं तो कागद वाचला आणि दार लोटून घेतलं. "ताई, एवढं कशाला? पहिलं नाव तेवढं ठेवा. शेऱ्याच्या रकान्यावर कागद ठेवून झेरॉक्स काढतो. हे असं दिलं तर चौकशी लागेल तुमच्यावर. रविवारचा वर्ग बंद करायला लावतील."

"सबंध पान काढा, भाऊ."

"विचार करा."

"तेवीस वर्षांनी करतेय," ताई म्हणाल्या.

अधिकारी मॅडम वयानं लहान होत्या, पण वाचणाऱ्या होत्या. त्यांनी कागद वाचला, रजिस्टर वाचलं, शेराही वाचला. बाहेर बाकावर सुरमी बसलेली होती, तिला बोलावून दोन प्रश्न विचारले. मग हरकत फेटाळल्याचं लिहिलं, सुरमी पावरा पात्र असं लिहिलं, आणि सही केली. सुरमीनं नमस्कार केला. तिचे डोळे भरून आले होते. ताईंकडे न बघता मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला नोटीस काढावी लागेल, नूतनताई. खुलासा द्या."

"देते."

मॅडमनी कागद फाइलला लावण्याआधी पुन्हा एकदा वरून खाली नजर फिरवली आणि शेवटच्या ओळीवर पेन टेकवलं.

"इथं एक राहिलंय तुमचं. तेविसावी. सविता पुना पावरा, आणि पुढे खरं नाव भरलेलं नाही."

"राहिलं नाही मॅडम," नूतनताई म्हणाल्या. "मी तिला विचारलंच नव्हतं."